आमची वाटचाल : छोट्या कॅमेऱ्यावर उभा राहिलेला धंदा

१९९८ ला आम्ही दोघांनी मिळून लग्ना-कार्यक्रमांच्या व्हिडिओ शूटिंगला सुरुवात केली, मी आणि माझा भागीदार, तेव्हा खांद्यावरचा व्हीएचएस, म्हणजे मोठ्या व्हिडिओ कॅसेटचा कॅमेरा होता. एक बॅटरी कंबरेला, एक पिशवीत, आणि हॅलोजन धरायला वेगळा मुलगा. संध्याकाळपर्यंत उजवा खांदा सुन्न व्हायचा, पण मान होता. तो कॅमेरा घेऊन आत शिरलं की लोक आपोआप बाजूला व्हायचे.

२००४ ला आम्ही मिनीडीव्हीचा, म्हणजे छोट्या डिजिटल टेपचा, छोटा कॅमेरा घेतला, तळहातात मावणारा, सिंगल सीसीडी, म्हणजे चित्र टिपणारी चिप एकच. तो मान त्या दिवशी गेला तो गेलाच. "शूटिंगवाले अजून आले नाहीत का?" असं माझ्याच तोंडावर, माझ्या हातात कॅमेरा असताना विचारलंय लोकांनी.

मग घेतला कशाला? तर चित्रासाठी. व्हीएचएसवर मिक्सिंग केलं की चित्र एक पिढी खाली उतरायचं, त्याच्या कॉप्या काढल्या की अजून एक, शेवटच्या गिऱ्हाइकाला लाल रंग ओघळलेलाच मिळायचा. डिजिटल व्हिडिओ म्हणजे डीव्ही १९९५ ला आलं आणि हा प्रश्नच मिटला, फायरवायरच्या केबलने कॉम्प्युटरवर कॅप्चर करा, एडिट करा, परत टेपवर टाका, चित्र होतं तसंच. तासाला साधारण १३ जीबी, म्हणजे ४० जीबीच्या डिस्कवर तीन टेपाही नीट बसायच्या नाहीत आणि तासाची टेप कॅप्चर व्हायला तासच लागायचा. पण दोन पिशव्यांचं सामान एका पिशवीत आलं. दुसरं म्हणजे छोटा कॅमेरा समोर धरला तरी माणसं ताठ होत नाहीत, लहान मुलं तर विसरूनच जातात. मोठ्या कॅमेऱ्यात असे चेहरे मला कधी मिळाले नाहीत.

तोटे सांगतो, लपवत नाही. चिप एवढीशी, त्यामुळे उजेड कमी झाला की कॅमेरा चित्र ओढून उजळ करतो, म्हणजे गेन वर चढतो आणि चित्रात दाणे नाचायला लागतात. स्टेजवर मागे काळा पडदा असला की ऑटो एक्स्पोजर फसतं, त्याला सगळं अंधारं वाटतं आणि नाचणाऱ्या मुलीचा चेहरा चुन्यासारखा पांढरा होतो. तिथे मॅन्युअलला या आणि थोडं खाली ओढा, कितीही घाई असली तरी. आवाजाचंही तेच. ऑटो लेव्हल टाळ्या झाल्या की आवाज दाबतं, शांतता झाली की हळूहळू वर नेतं आणि हॉलमधले पंखे ऐकू येतात. एक्सएलआर, म्हणजे माइकचा पक्का बसणारा सॉकेट, नसतो, साधा मिनीजॅक, तोही धक्का लागला की सैल. हेडफोन लावल्याशिवाय शूटिंग करणाऱ्याला मी आमच्याकडे ठेवत नाही.

आणि सगळ्यात वाईट खोड म्हणजे आमच्या त्या मॉडेलची टेप खालून बदलायची. म्हणजे टेप संपली की कॅमेरा ट्रायपॉडवरून काढा, तळाला ट्रायपॉडसाठी लावलेली प्लेट सोडवा, टेप बदला, प्लेट लावा, परत चढवा. हे डिझाइन ज्याने केलं त्याने कधी चालू कार्यक्रमात टेप बदलली नसणार.

आता २००६ चं सांगतो, कारण आमच्याबद्दल जे काही बोललं जातं ते तिथूनच सुरू झालं.

एका नृत्यवर्गाच्या बाई आमच्याकडे पहिल्या वर्षापासून होत्या. वार्षिक कार्यक्रम, तीन तासांचा, शंभरेक मुली. त्या दिवशी बॅगेत दोनच कोऱ्या टेपा निघाल्या. एका टेपवर नेहमीच्या वेगाने, म्हणजे एसपीवर ६० मिनिटं, हळू वेगाने, म्हणजे एलपीवर ९०, म्हणून एलपीवर टाकलं. कोण म्हणालं एलपीवर टाकू, मी की भागीदार, यावर आमचं आजतागायत एकमत नाही. मध्यंतरात टेप बदलली, प्लेट लावली, खटका पूर्ण बसला नाही. शेवटच्या नाचाला सगळ्या मुली स्टेजवर आल्या म्हणून मी पॅन केलं, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवला, आणि कॅमेरा ट्रायपॉडवरून सरळ खाली, दुसरी टेप आत अडकलेली.

पहिली टेप तरी हातात आहे म्हणून दुसऱ्या कॅमेऱ्यात घातली, तर सगळीकडे चौकोन, आवाज तुटक. तिसऱ्या कॅमेऱ्यात तेच. एलपीला डेटा तेवढाच असतो, २५ एमबीपीएस, म्हणून चित्र काही वाईट येत नाही, आणि माणूस तिथेच फसतो. पण टेप हळू फिरते आणि ट्रॅक, म्हणजे टेपवर लिहिलेली रेघ, १० मायक्रॉनच्या जागी ६.७ चा होतो. ज्या हेडने लिहिलं त्यालाच तो धड वाचता येतो, दुसऱ्याचं अलाइनमेंट केसभर वेगळं असलं की संपलं. म्हणजे जगात त्या दोन टेपा वाचू शकणारं एकच यंत्र होतं आणि ते आमच्या टेबलावर फुटून पडलं होतं.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले ड्रम, म्हणजे हेड बसवलेला फिरता भाग, आणि मेकॅनिझम पूर्ण बदलू. बदला म्हटलं असतं तर कॅमेरा नवा झाला असता आणि टेपा कायमच्या मुक्या. हे त्यांनी सांगितलं नाही, सांगितलं एका म्हाताऱ्या मेकॅनिक काकांनी, ज्यांचं आयुष्य व्हीसीआर उघडण्यात गेलं होतं. "ड्रमला हात लावायचा नाही, गाइडचा स्क्रूसुद्धा फिरवायचा नाही," म्हणाले. मोटर हाताने फिरवून टेप बाहेर काढली, लोडिंगचं तुटलेलं प्लॅस्टिकचं गियर त्याच मॉडेलच्या एका मेलेल्या कॅमेऱ्यातून आणून बसवलं. एकोणीस दिवस गेले. टेप चालली तेव्हा मी आणि भागीदार एकमेकांशी बोलत नव्हतो, तरी दोघं शेजारी बसून तिन्ही तास बघितलं. शेवटचा नाच अर्धाच होता.

या एकोणीस दिवसांत ज्याला करायची त्याने आमची बदनामी केली. नाव घेत नाही, खांद्यावरचा मोठा कॅमेरावाला म्हटलं की आमच्या लाइनीतल्यांना कळतं. तो त्या कार्यक्रमाला पालक म्हणून बसला होता, पडताना त्याने स्वतः पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून "खेळण्यातला कॅमेरा आहे हो त्यांचा" सुरू. त्या हंगामातली लग्नं एकामागून एक रद्द झाली, अ‍ॅडव्हान्स परत केले, भागीदार वर्षअखेर वेगळा झाला. आणि गंमत बघा, ज्या मोठ्या कॅमेऱ्याच्या जोरावर तो बोलत होता त्याच्यात सेन्सर एकच होता, टेपही आमच्यासारखीच मिनीडीव्ही, वर फक्त खांद्यावर ठेवायची बॉडी. छोट्या कॅमेऱ्याला मोठा कोट. पण गिऱ्हाईक पोट उघडून बघत नाही.

बाईंनी मात्र पूर्ण पैसे दिले. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "दादा, पुढच्या वर्षी टेपा जास्त आणा." बस, एवढंच. पुढच्या वर्षी मी नऊ टेपा घेऊन गेलो.

नंतर बरीच वर्षं काम नीट चाललं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. २००९ ला कार्डवर रेकॉर्ड करणारा एव्हीसीएचडी कॅमेरा घेतला, टेपही गेली आणि खालचं झाकणही. नव्या मुलांना एकच सांगणं, कार्डावरून नुसत्या क्लिपा उचलू नका, पूर्ण फोल्डर जसाच्या तसा कॉपी करा, कारण लांब शॉटच्या फायली तुकड्यात असतात आणि नुसत्या उचलल्या की सांध्यावर आवाज तुटतो. या कॅमेऱ्यांच्या सीमॉस चिपवर फोटोचा फ्लॅश पडला की अर्धी फ्रेम पांढरी होते, त्याला इलाज नाही, फोटोग्राफरशी भांडून उपयोग नाही, मी भांडून बघितलंय.

२००८ ला कॅननचा फाइव्ह डी मार्क टू, व्हिडिओही घेणारा फोटोचा कॅमेरा, आला आणि पुढे सगळ्यांना मागचं धूसर पाहिजे झालं. दिसतं सुंदर, नाही म्हणत नाही. पण त्यावर सलग बाराएक मिनिटं झाली की ४ जीबीची फाइल भरून रेकॉर्डिंग थांबायचं, आणि नाचाला एका ओळीत आठ मुली असतील तर आठही पालकांना आपली मुलगी फोकसमध्ये हवी असते. छोट्या चिपवर मागची रांगही स्पष्ट येते, झूम एका बोटावर सरकतो, स्टेबिलायझर आहे. बाईंचा कार्यक्रम अजूनही मी कॅमकॉर्डरवरच करतो, आता दोन लावतो, एक वाइड आणि एक माझ्या हातात, आणि प्लेटचा खटका स्वतः दोनदा ओढून बघतो.

२००६ ला पडलेला तो कॅमेरा कपाटात आहे, भंगारात दिला नाही, कारण एलपीच्या त्या दोन टेपांची किल्ली तोच. मागच्या महिन्यात बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीला तिचा त्या दिवशीचा नाच हवा होता, कॅप्चर केलेली डिस्क कधीच गेलेली. कॅमेरा लावला, ड्रमचा तो बारीक शिट्टीसारखा आवाज आला, आणि चालली टेप. शेवटच्या नाचात, जिथे टेप चुरगळली होती, तिथे चौकोन येतात ते येतातच. मग जमीन दिसते, आडवी. तेवढं कापून दिलं तिला.