जांभळी जीभ

फ्रान्समधल्या बोर्दोत, वाइनच्या गावात, येऊन वर्ष होत आलं तरी इथली रेड वाइन मला आवडत नव्हती. हे या गावात बोलायची सोय नाही. पाच युरोंच्या बाटलीचा घोट घेतला की जीभ आखडायची, कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी.

गेल्या शनिवारी म्हटलं, जरा बरी आणू. दुकानदाराने एकच विचारलं: सोबत खाणार काय? स्टेक म्हटल्यावर त्याने ओ-मेदोकची बाटली काढून दिली, 18 युरोंना. इथल्या लेबलावर द्राक्षाचं नाव बहुधा नसतंच, प्रदेशाचं असतं. बाकीचं आपण ओळखायचं. जिरोंद खाडीच्या डाव्या तीराला, म्हणजे ओ-मेदोकच्या बाजूला, गोट्यागोट्यांची जमीन आहे. ती दिवसाची ऊब धरून ठेवते, म्हणून उशिरा पिकणारं काबर्ने सोव्हिन्यों हे द्राक्ष तिथे साधतं. तुरटपणा येतो तो मुख्यतः त्याचाच. पलीकडे सेंत-एमिलियोंकडे मेर्लो द्राक्ष जास्त, ती वाइन त्यामानाने मऊ.

जेवायला शेजारच्या मादाम होत्या, वय सत्तरीपुढे. त्यांनी आल्याआल्या बाटली उघडून कॅराफमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत, ओतली आणि अर्धा तास कुणाला हात लावू दिला नाही. तेवढ्यात मी तवा तापवला. (गावाकडची मंडळी हे वाचतात, त्यामुळे मांस कशाचं ते विचारू नका.) सोबतचा बोर्दलेज सॉस मात्र आपल्या माणसाला कळेल असा: बारीक कांदा, रेड वाइन आणि नळीतला मगज. मादामना स्टेक आतून लालभडक हवा होता, मला पूर्ण शिजलेला. ‘आ प्वां’वर तडजोड झाली, इथे त्याचा अर्थ आतून गुलाबीच.

आधी नुसता घोट घेतला. पुन्हा तेच, टाळू कोरडी. 18 युरो गेले, असं मनात आलं. मग स्टेकचा तुकडा, भरपूर मीठ, चरबीची कड, आणि त्यावर घोट. तुरटपणा कुठे गेला कळेना! मागे काळ्या मनुकांसारखं काहीतरी आणि पेन्सिल तासल्यावर येतो तसा लाकडी वास. वाइनमधलं तुरट द्रव्य, टॅनिन, लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंड सुकतं. मांसाची प्रथिनं नि चरबी आली की त्याला धरायला दुसरं काहीतरी मिळतं. जेवणानंतर आरशात पाहिलं तर जीभ जांभळी. शाळेच्या वाटेवरचं झाड आठवलं.

हुरूप येऊन उरलेली वाइन दुसऱ्या दिवशी कोल्हापुरी रश्श्याबरोबर घेतली. तोंडात नुसता जाळ. मिरची आणि अल्कोहोल एकमेकांना चढवतात. फ्रान्सच्या या भागात तळाशी उरलेल्या सुपात वाइन ओतून ताटली तोंडाला लावायची जुनी रीत आहे, ‘शाब्रो’ म्हणतात. तेही करून पाहिलं. वाटी शेवटी सिंकमध्ये ओतली.