आधी वर्ग, मग डोंगर : वाहाकातला माझा अनुभव

मेक्सिकोत जाऊन स्पॅनिश शिकायचं नक्की केल्यावर पहिला प्रश्न आला तो गावाचा. परदेशी लोकांना भाषा शिकवणाऱ्या शाळा तिथे उंचावरच्या गावांत भरपूर आहेत. ग्वानाहुआतो, सान मिगेल दे आयेंदे, चियापासमधलं सान क्रिस्तोबाल दे लास कासास आणि वाहाका ही त्यातली ठळक नावं. हवा थंड, गावाचा जुना भाग पायी फिरण्याजोगा आणि आजूबाजूला डोंगर, हे सगळीकडे सारखंच. सान मिगेलमध्ये अमेरिकेतून येऊन स्थायिक झालेले लोक खूप, त्यामुळे तिथे इंग्रजीवर सहज निभावतं, आणि मला नेमकं तेच नको होतं. सान क्रिस्तोबाल आवडलं होतं, पण ते २,२०० मीटरच्या आसपास; माझ्या गुडघ्यांना ती थंडी सोसली नसती. वाहाका १,५५० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून जेमतेम शंभर मीटर खाली. सकाळी हलकी शाल, दुपारी सुती कुडता, एवढ्यावर भागतं. मी वाहाका घेतलं.

व्हिसाचं आधी सांगते, कारण सगळे तेच विचारतात. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर पर्यटक म्हणून मेक्सिकोत जायला वेगळा व्हिसा लागत नाही. लेक न्यू जर्सीत असल्यामुळे माझ्याकडे तो होताच. मात्र विमानतळावर किती दिवस राहू द्यायचं हे तिथला अधिकारी ठरवतो. कमाल मर्यादा १८० दिवसांची असली तरी तेवढे मिळतीलच असं नाही. म्हणून शाळेचं प्रवेशपत्र, राहण्याचा पत्ता आणि परतीचं तिकीट छापून हातात ठेवलं होतं. अधिकाऱ्यानं तिन्ही कागद पाहिले, आणि मला हवे होते त्याहून जास्तच दिवस दिले.

शाळेत नवे विद्यार्थी सोमवारी घेतात. आधी लेखी चाचणी, मग पाच-दहा मिनिटं गप्पा, आणि त्यावरून वर्ग ठरतो. पुण्यात मी स्पॅनिशच्या पहिल्या दोन पायऱ्या केल्या होत्या, त्यामुळे अगदी ओनाम्यापासून सुरुवात करावी लागली नाही. सकाळी नऊपासून आधी व्याकरण, मग मधली सुट्टी, मग नुसतं बोलणं. दुपारी ज्याला हवं त्यानं स्वयंपाकाला बसावं, साल्सा नाच शिकावा, नाहीतर इंग्रजी शिकणाऱ्या एखाद्या स्थानिक मुलाबरोबर अर्धा तास स्पॅनिशमध्ये आणि अर्धा तास इंग्रजीत गप्पा माराव्यात. या अदलाबदलीला जादा पैसे पडत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा तिचाच होतो. माझ्या जोडीला नर्सिंग शिकणारी एक मुलगी होती. ती मला न थांबवता बोलू द्यायची आणि शेवटी माझ्या तीनच चुका सांगायची. तीन लक्षात राहतात, तीस राहत नाहीत.

मराठी माणसानं स्पॅनिशला घाबरायचं कारण नाही, हे मला तिथे पुरतं पटलं. त, द, र हे उच्चार आपल्या जिभेवर आहेतच. वस्तूला लिंग असतं यात आपल्याला नवल नाही. ‘मला आंबा आवडतो’ या वाक्यात आंबा कर्ता आणि ‘मला’ बाजूला, ही रचना स्पॅनिशमध्ये जशीच्या तशी आहे. माझ्या अमेरिकन सोबत्यांना ती महिना झाला तरी उलटी वाटायची. ज्या क्रियारूपाला (सबजंक्टिव्हला) सगळे घाबरतात, त्यातलंही बरंचसं आपल्या विध्यर्थातून कळतं. ‘त्यानं यावं असं मला वाटतं’ यातलं ‘यावं’ डोक्यात ठेवलं की निम्मं काम होतं. अडते ती गाडी ‘असणे’पाशी. आपल्याला एकच ‘असणे’ पुरतं, त्यांच्याकडे दोन आहेत, आणि कुठे कोणतं हे सरावानंच अंगवळणी पडतं. वडीलधाऱ्यांना ‘तुम्ही’ आणि बरोबरीच्यांना ‘तू’ हा भेदही तिथे आहे. बाजारातल्या आजीबाईंना पहिल्या दिवसापासून ‘तुम्ही’ म्हटलं आणि त्यांनी मला प्रत्येक भाजीचं नाव सांगायला सुरुवात केली.

राहायला मी एका कुटुंबात होते. शाकाहारी असाल तर एक शब्द जाण्याआधीच पाठ करा : आसिएंतो. मेमेला म्हणजे मक्याची जाडसर पोळी, वर काळ्या घेवड्याची उसळ आणि चीज. बघताना निव्वळ शाकाहारी वाटते, पण तव्यावरच तिला डुकराच्या चरबीचा तपकिरी थर लावतात, तोच आसिएंतो. तो नको असं आधी सांगितलं की कुणाला वाईट वाटत नाही, दुसरी करून देतात. उसळीत चरबी आहे का हेही वेगळं विचारावं लागतं. आमच्या घरच्या काकू मका रात्री चुन्याच्या पाण्यात उकळून ठेवायच्या. सकाळी तो चोळून धुतला की साल निघून जातं, आणि मग तो गिरणीतून ओलाच दळून आणायचा. चुन्यानं दाणा मऊ पडतो, पीठ चिकट होऊन हातात जमतं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. ही युक्ती मेसोअमेरिकेत, म्हणजे मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेच्या मुलखात, हजारो वर्षांपासून आहे. मका युरोपात गेला, पण ही युक्ती गेली नाही. तिथे ज्या गरिबांचं पोट मक्यावरच होतं त्यांना पेलाग्रानं, म्हणजे नायसिनच्या अभावानं होणाऱ्या रोगानं, गाठलं. वाहाकाच्या दरीत मित्ला गावाजवळच्या गिला नाकित्स गुहेत मक्याची सुमारे सव्वासहा हजार वर्षं जुनी कणसं सापडली आहेत. हे कळल्यावर ते गरम पीठ हातात घेताना मला फार आदर वाटायचा.

भूतकाळाचा धडा झाल्यावर प्रत्येकानं आपल्या भागातल्या कुणाविषयी तरी वर्गात बोलायचं होतं. मी पांडुरंग खानखोजे घेतले. वर्ध्याचा माणूस, गदर चळवळीतला क्रांतिकारक, परागंदा होऊन अनेक देश फिरत १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचतो, मेक्सिको सिटीजवळच्या चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवतो, मक्याच्या वाणांवर काम करतो, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवतो. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेरानं शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवरच्या चित्रात त्यांना पाव मोडून वाटताना रंगवलं आहे. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. आमच्या बाईंनी ते चित्र पाहिलेलं होतं, पण त्यातला माणूस कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. पुढचा तास व्याकरण बाजूला राहिलं. मक्यावर आयुष्य घालवलेल्या माणसाची गोष्ट मक्याच्याच मुलखात, मोडक्यातोडक्या का होईना, त्यांच्या भाषेत सांगता आली याचं समाधान मोठं होतं.

आता सहलींविषयी. पहिल्या आठवड्याच्या शेवटी मी सगळे घेतात तीच एका दिवसाची सहल घेतली : तूलेचं झाड, तेओतित्लान देल वायेचे विणकर, मित्लाचे अवशेष, इएर्वे एल आग्वा आणि मेस्काल या तिथल्या दारूची एक भट्टी. पाच जागा एका दिवसात. तूलेचं झाड बघायला वेळ कमी पडला तरी चालतं. खोडाचा व्यास चौदा मीटरच्या घरात, त्याची एक फेरी मारली की मान आपोआप वर जाते. इएर्वे एल आग्वाला मात्र निदान अर्धा दिवस हवा. झऱ्याच्या पाण्यातला चुना हजारो वर्षं साचून कड्यावर दगडी धबधबे तयार झालेत. नावात उकळतं पाणी असलं तरी कुंडातलं पाणी गारच आहे. कड्याच्या तळाशी जाणाऱ्या पायवाटेवर खरी मजा, आणि नेमकी तीच आमच्या वेळापत्रकात नव्हती. सहल काढणाऱ्यांनी दुकानांत मात्र भरपूर थांबवलं.

तेओतित्लान मी पुढे बसनं पुन्हा केलं, एकटीनं. तोवर वर्गाचे दोन-तीन आठवडे झाले होते. एका घरात हातमागाशी बसलेल्या बाईंनी वाळलेले कोशिनीलचे किडे तळहातावर घेतले, फड्या निवडुंगावर पोसले जाणारे करड्या मिरीदाण्यांएवढे, आणि अंगठ्यानं चिरडले. हात गडद किरमिजी झाला. वर लिंबाचा थेंब पिळला तर रंग शेंदरी झाला; चुन्याची चिमूट टाकली तर जांभळा. स्पॅनिश राजवटीत मेक्सिकोतून चांदीखालोखाल मोलाचा निर्यातमाल हाच होता. पहिल्या सहलीत हेच प्रात्यक्षिक मी तीस जणांच्या घोळक्यात मागून पाहिलं होतं, इंग्रजीत. या वेळी मी विचारू शकले : किडे कुठून आणता, एका गालिच्याला किती लागतात, निळीची पानं कुठली? त्या घरातल्या बायका आपसात सापोतेक ही तिथल्या मूळ रहिवाशांची भाषा बोलत होत्या. स्पॅनिश त्यांनाही शाळेत शिकावी लागलेली, त्यामुळे त्या सावकाश आणि स्वच्छ बोलायच्या. शहरातल्या टॅक्सीवाल्यापेक्षा त्यांचं बोलणं मला कितीतरी जास्त समजलं. मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष झालेले बेनितो हुआरेस याच प्रांतातले. १८०६ मध्ये गेलाताओ या डोंगरी खेड्यात जन्मलेले हे सापोतेक पोर बाराव्या वर्षी वाहाका शहरात आलं तेव्हा त्याला स्पॅनिश जवळजवळ येतच नव्हती.

ज्यासाठी सगळा अट्टहास केला होता ती उत्तरेची डोंगररांग मी शेवटच्या आठवड्यासाठी राखली होती. सिएरा नोर्तेमध्ये आठ सापोतेक गावांनी मिळून आपलं जंगल एकत्र सांभाळलं आहे. त्यांना पुएब्लोस मांकोमुनादोस म्हणतात. गावांना जोडणाऱ्या शंभराहून जास्त किलोमीटरच्या पायवाटा आहेत, गावाच्या मालकीच्या झोपड्या आहेत, आणि गावचा वाटाड्या घेतल्याशिवाय चालू देत नाहीत. पैसे गावाकडे जातात. गावासाठी करायच्या श्रमदानाला तिथे तेकियो म्हणतात, शिवाय गावच्या कारभारातली पदं पाळीपाळीनं, बहुधा बिनपगारी, सांभाळावी लागतात. मला नोंदणी करून देणारे गृहस्थ असेच पाळीवर होते. एरवी त्यांची बटाट्याची शेती.

वाहाकातून व्हॅननं त्यातल्या क्वाहिमोलोयास या गावी गेले. दीड-दोन तासांत १,५५० वरून सुमारे ३,२०० मीटरवर. उतरल्या उतरल्या चालायला लागू नका. मी एक रात्र तिथे नुसती झोपून काढली, तरी सकाळी पहिल्या चढावर छाती भरून आली. वाटाड्या साठीचा, पायात रबरी बूट, हातात कोयता. इंग्रजीचं अक्षर नाही, आणि त्याची गरजही पडली नाही. पावसाळा होता. ओक आणि पाइनच्या फांद्यांवरून शेवाळाच्या झिपऱ्या लोंबत होत्या, आणि पालापाचोळ्यातून जागोजागी अळंबी वर आलेली. वाटाड्यानं दोन शेजारी ठेवून दाखवली. एक केशरी टोपीची, देठ आणि खालचे पडदेही पिवळे, ती खायची. दुसरी लाल, वर पांढरे ठिपके, पडदे पांढरे, ती विषारी. पाऊस जोराचा झाला की ठिपके धुऊन जातात, म्हणून टोपीवर विसंबायचं नाही, उलटी करून पडदे बघायचे, हे त्यानं मला तीनदा सांगितलं आणि मग मलाच म्हणायला लावलं. पहिल्या प्रकारची त्यानं टोपलीभर गोळा केली. लातुवी या पुढच्या गावी पोचल्यावर भोजनगृहातल्या बाईंनी ती लसूण आणि मिरचीवर परतून दिली. अख्ख्या प्रवासात एवढं चविष्ट दुसरं काही मी खाल्लं नाही.

इंग्रजी बोलणारा वाटाड्या शहरातल्या संस्थांकडून मिळतो, पण तो महाग पडतो. भूतकाळ आणि विध्यर्थ एवढं हाताशी असलं की गावच्या वाटाड्याबरोबर दिवसभर निभतं. म्हणून माझं मत असं की वर्ग आधी करावा, जवळच्या सहली मधल्या शनिवार-रविवारी आणि डोंगर सगळ्यात शेवटी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस बहुतेक दुपारनंतर येतो, तेव्हा चालायला सकाळी सातलाच निघावं. अळंबी हवी असेल तर हेच महिने. जुलैच्या उत्तरार्धात, सहसा दोन सोमवारी, शहरात गेलागेत्सा हा नृत्यांचा मोठा उत्सव असतो. त्या सुमारास खोल्यांचे भाव चढतात, आणि शाळेमार्फत मिळणारी घरंही लवकर भरतात, म्हणून शाळेला निदान तीन महिने आधी लिहावं. डोंगरात कार्ड चालत नाही. सुटे पेसो शहरातच काढून घ्या.