डाय लावला आणि डाय बसवली

डीटीपीच्या धंद्यात लाल रेघेवर विसंबू नये. स्पेलिंग साफ गंडलं की कॉम्प्युटर लगेच खाली लाल रेघ मारतो आणि आपण शहाणे ठरतो. पण 'मिल्क डेअरी'च्या जागी 'मिल्क डायरी' पडलं तर तो ढिम्म हलत नाही. त्याच्या लेखी डायरी हा बरोबरच शब्द आहे. दुधाला वही कशाला, हा प्रश्न त्याला पडत नाही, आपल्यालाच पडावा लागतो. कोल्हापूर जिल्ह्यात गावोगाव दूध संस्था, त्यामुळे ही दुधाची डायरी मी पावतीपुस्तकावर पाहिलीय, लेटरहेडवर पाहिलीय, टेम्पोच्या पाठीवरही पाहिलीय.

गंमत अशी, की बोलताना इथं कुणीच चुकत नाही. पहाटे डेअरीला दूध घालून आलेला माणूस 'डायरीला जाऊन आलो' असं झोपेतही म्हणणार नाही. ए आणि आय यांनी कागदावर जागा बदलल्या की घोटाळा. डायरीचं मूळ लॅटिनमधल्या 'दिएस'मध्ये, म्हणजे दिवसात. आपल्या 'दिवस'चा तो लांबचा भाऊबंदच. डेअरीचं मूळ मात्र जुन्या इंग्रजीत कणीक मळणाऱ्या मोलकरणीच्या नावात आहे. पुढं तीच दूधदुभतं बघायला लागली आणि तिच्या कामाच्या जागेला हे नाव पडलं. एवढं ऐकायला गिऱ्हाइकाला वेळ नसतो. त्याला मी सांगतो, 'दिवसातला दि आधी आला की डायरी.' डी-आय. तेवढं पुरतं.

खरी कसोटी लागते उद्यमनगर आणि शिरोलीकडनं येणाऱ्या कोटेशनांना. ब्रेक ड्रम इकडच्या फाउंड्र्यांना नवा नाही, स्पेलिंग मात्र रोज नवं. गाडी थांबवणाऱ्या ब्रेकचा ई शेवटी असतो, मोडतोड करणाऱ्या ब्रेकचा पोटात. अक्षरं तीच पाच. पोटातला ई घालून पत्र गेलं, तर वाचणाऱ्याला ते ड्रम फोडून द्यायचा दर कळवल्यासारखं वाटायचं.

त्याहून झकास जोडी डायची. कोल्हापुरात डाय म्हणजे साचा, आणि पंचवीसेक किलोमीटरवर इचलकरंजीत गेलं की डाय म्हणजे कापडाचा रंग. साच्याची डाय आय-ई, रंगाचा डाय वाय-ई. आणि मरणं? तेही आय-ई. रंगकामाच्या 'डाइंग'मध्ये वाय आणि आयच्या मधे एक ई ठेवावाच लागतो. तो गळाला की 'डाइंग अँड ब्लीचिंग वर्क्स'चं थेट मरणाचा कारखाना होतं. असं मॅटर आलं की मी ई घालून प्रूफ दाखवतो. एका मालकांनी प्रूफ हातात धरून विचारलं होतं, 'ह्या ईचं जादा पैसं न्हाईत न्हवं?'

मराठीत आपण ही भानगड केव्हाच मिटवलीय, तीही स्पेलिंगला हात न लावता. केसांना डाय लावला, मशिनला डाय बसवली. रंगाला पुल्लिंगी केलं, साच्याला स्त्रीलिंगी, संपला विषय. ब्रेक मारला आणि ब्रेक घेतला यात क्रियापदच सांगतं कुठला ब्रेक ते. इंग्रजीला लिंगाची ही सोय नाही, म्हणून बिचारीला एकेका अक्षरावर भार टाकावा लागतो.

आणि त्या अक्षरांचा घोळ बराचसा आमच्याच जातभाईंनी घातलाय. विल्यम कॅक्स्टननं १४७६ साली इंग्लंडात छापखाना आणला तेव्हा तिथले उच्चार अजून बदलत होते. छापखान्यांमुळं स्पेलिंगं हळूहळू थिजत गेली, उच्चार आपले पुढं निघून गेले. चिलखती सरदाराच्या 'नाइट'मधला के एके काळी खरोखर उच्चारला जायचा! आता तो नुसता बसून असतो, पेन्शनीत निघाल्यासारखा.

स्टेशनरी ही तर अस्सल आमच्या शेजारची जोडी. वह्या-पेनांची स्टेशनरी ई-आर-वाय, जागचं न हलणारं स्टेशनरी ए-आर-वाय. दोघी सख्ख्या बहिणी आहेत. मध्ययुगात बरेचसे विक्रेते फिरस्ते. एका जागी ठाण मांडून पुस्तकं विकणाऱ्याला स्टेशनर म्हणायचे. लंडनच्या स्टेशनरांच्या मंडळाला १५५७ साली राजाज्ञेनं सनदही मिळाली. म्हणजे महाद्वार रोडवर गाडीवर पेनं विकत फिरणारा पोरगा मूळ अर्थानं स्टेशनर नव्हेच. लक्षात ठेवायला सोपं : पेपरच्या शेवटी ई-आर, कागदाच्या दुकानातही ई-आर.

काही जोड्यांवर मी डोकं शिणवत नाही. डेझर्टमध्ये दोन एस असले की आइस्क्रीम, एक असला की वाळवंट. स्मरणिकेतल्या जाहिरातीत 'विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स'ला आयच्या जागी ई पडला तर शुभेच्छांऐवजी पूरक वस्तू पोचतात; पोचू देत, जाहिरातीचे पैसे आलेले असतात. प्रिन्सिपलचं मात्र बघावं. हेडसर आणि कर्जाची मुद्दल दोघंही पी-ए-एल, कारण दोघंही मुख्य. तत्त्व तेवढं पी-एल-ई.

अफेक्ट आणि इफेक्टला मात्र मी सोडत नाही. ढोबळ नियम सगळ्यांना ठाऊक असतो : ए-वालं परिणाम करतं, ई-वाला म्हणजे परिणाम. पण ई-वाला कधीमधी क्रियापद होतो आणि तेव्हा त्याचा अर्थ 'घडवून आणणं'. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा शहरात शिरली, त्यानंतर मदतीचे इंग्रजी अर्ज टाईप करायला दुकानात रांग असायची. पुष्कळांच्या कच्च्या कागदावर 'फ्लड इफेक्टेड पर्सन'. पूरग्रस्त म्हणायचं होतं. काटेकोर वाचलं तर पूर घडवून आणणारा इसम! घरात कमरेएवढं पाणी येऊन गेलेल्या माणसाला हे काय समजावून सांगायचं. गुपचूप ए घालायचा आणि प्रिंट काढायची.

इंग्रजीला हसावं तर आपल्याकडं ऱ्हस्व-दीर्घ टपून बसलेलं आहेच. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे दोरा; शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे रक्तवाहिनी. एक मे जवळ आला की फ्लेक्सचं मॅटर व्हॉट्सॲपवर येतं, 'महाराष्ट्र दीनाच्या हार्दिक शुभेच्छा', खाली फोटो. दीन म्हणजे गरीब, बापुडवाणा. लाल रेघ इथंही येत नाही. मी फोन करून सांगतो, दादा, दि पहिली पाहिजे. तिकडनं उत्तर तयार असतं, 'ते तू बघ रं भावा, माझा फोटो तेवढा मोठा घे.'