आमची वाटचाल: वीस शब्दांवरून सातवर

ठाण्यात नौपाड्यातल्या दोन खोल्यांतून आम्ही आठवी ते दहावीच्या मुलांसाठी मराठी शब्दसंग्रहाचं ॲप चालवतो. गिऱ्हाईक मुख्यतः घोडबंदर रोड, ऐरोली, कोपरखैरणे इथल्या इंग्रजी शाळांतलं. 2020च्या कायद्याने या शाळांतही मराठी सक्तीची झाली. घरी मराठी बोलणारी मुलंसुद्धा ‘भेदरणे’, ‘अदमास’ आले की अडतात.

आमची पहिली आवृत्ती म्हणजे मोबाइलमध्ये कोंबलेला शब्दकोश होता. अकारविल्हे यादी, समोर अर्थ, खाली चार पर्याय. ‘आर्त’, ‘आर्द्र’, ‘आर्ष’ एकाच दिवशी आले की तिघांचा काला होतो. पर्यायांवर डोळे मिटून बोट ठेवलं तरी चारातलं एक उत्तर बरोबर येतंच. प्रतिशब्द तर त्याहून फसवा. ‘ओशाळणे म्हणजे लाजणे’ एवढंच पाठ केलेलं मूल ‘नवरी मांडवात ओशाळली’ असं लिहून मोकळं होतं. आता अर्थाआधी वाक्य येतं: ‘लाडू चोरताना आजीने पकडलं, तसा तो ओशाळला.’ आणि शब्द शक्यतो एकटा येत नाही. तारांबळ उडते, अदमास घेतात, प्रयत्न आटोकाट असतात.

उजळणी लाइटनरच्या कप्प्यांची, जुनीच. शब्द आठवला की कार्ड पुढच्या कप्प्यात जातं आणि जास्त दिवसांनी परत येतं: पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या, तिसाव्या दिवशी, चुकला की परत पहिल्या कप्प्यात. इथे गणित चुकलं होतं. रोज 20 नवे शब्द दिले की महिन्याभरात रोजची 100 कार्डं होतात, चुकलेली वेगळीच. पोरगं चार दिवस गावाला जाऊन आलं की तीनशेवर कार्डं तुंबलेली. तो आकडा बघून कोण बसेल? आता रोज 7 नवे, म्हणजे उजळणीला 35. टीएमटीच्या बसमध्ये बसल्या बसल्या उरकतं. साठांच्या वर साचली, तर साठच दाखवतो आणि नवे शब्द थांबवतो.

पर्याय काढून उत्तर टाइप करायला लावलं, तर ‘ऱ’ने गाठलं. ‘दऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतं: काही कीबोर्ड नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ‘ऱ’ पाठवतात, काही साधा ‘र’, हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. बरोबर उत्तर लाल होतं, मूल तेच पुन्हा लिहितं, पुन्हा लाल, ॲप बंद. तपासणीआधी दोन्ही रूपं एकाच साच्यात आणावी लागतात. जोडचिन्ह नुसतं पुसून भागत नाही: ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात. ‘भेदरले’च्या जागी ‘भेदरला’ आलं तर मात्र पिवळा रंग. शब्द आठवलाय, रूप चुकलंय.

डेमोत पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘महिन्यात किती शब्द?’ दाखवायला 210 दाखवता येतात. आम्ही तिसाव्या दिवशी न बघता लिहिता आले तेवढेच मोजतो. हा आकडा बराच लहान असतो आणि विकायला जड जातो.