एका खुंट्यावर पाच नावा

हतनूर धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे भिंतीमागे साठलेल्या पाण्यात, पाणपक्षी मोजायचे तर नाव लागते, आणि ती नाव अंधारातच काठावरून सुटायला हवी. पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले ते करडे हंस, हिमालय ओलांडून हिवाळ्यात इथे उतरतात. रात्री ते काठच्या गव्हा-हरभऱ्यात चरतात आणि उजाडता उजाडता थव्याथव्याने पाण्यावर परततात. ती वेळ हुकली की दिवसभर दुर्बीण फिरवून काही उपयोग नसतो. जानेवारीत आमच्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्याआधी अर्धा तास झुंजुमुंजू. तोवर नाव पाण्याच्या मधोमध आणि माणसं गप्प बसलेली पाहिजेत.

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ साली सुरू झाली आणि ती दर जानेवारीत होते. मी पाणथळ जागांच्या सर्वेक्षणाचं काम करतो, त्यामुळे जानेवारी माझा याच कामात जातो. हतनूर धरण तापीवर, भुसावळ तालुक्यात, दरवाजे ४१. धरणाच्या वरच्या अंगाला चांगदेवपाशी पूर्णा तापीला येऊन मिळते. महाशिवरात्रीला तिथे यात्रेची ही गर्दी, पण एरवी पहाटेचा काठ मासेमारी करणाऱ्या भोई मंडळींचा. मी नेहमी आबांच्या नावेतून जातो. आबा साठीच्या पुढचे. बोलतात कमी, आणि बोलले तर बहुतेक वेळा मला गप्प बसवण्यासाठीच.

हा काठ कसा असतो ते आधी सांगायला हवं. रब्बीचं आवर्तन, म्हणजे धरणातून शेतीला पाणी, सुटलं की काठाचं पाणी उतरायला लागतं. जिथे कालपर्यंत नावा बांधल्या होत्या तिथे आज गुडघाभर गाळ. पुढे त्याच गाळावर कोणीतरी काकडी नाहीतर डांगर लावतं. पाणी मागे गेलं की खुंटे उपटून पुढे ठोकायचे, आणि चिखलात खुंटा पक्का बसणं ही काही सोपी गोष्ट नाही. त्यामुळे जो एखादा बाभळीचा खुंटा खोल जाऊन घट्ट बसला असेल, त्यालाच सगळे आपापले दोर टाकतात. एका खुंट्याला पाच-पाच नावा शेजारी शेजारी, काठाला काठ लावून. रात्री त्यांच्या लाकडाचा एकमेकांवर घासल्याचा बारीक आवाज येत असतो.

अशा वेळी दोर टाकण्याची एक रीत आहे. खुंट्यावर आधीच कोणाचा फास असेल तर आपला फास सरळ त्याच्यावर टाकायचा नाही. तो त्याच्या फासाच्या आतून, खालून वर काढायचा आणि मग खुंट्यावर चढवायचा. असं केलं की आधी कोणीही निघो, शेजाऱ्याच्या दोराला हात न लावता स्वतःचा फास सुटतो. आबांनी मला हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा माझा विश्वास बसेना. मी दोन सुतळ्या आणि एक खिळा घेऊन घरी करून बघितलं. खरंच सुटतो! उलट फास नुसता वरून टाकला तर खालचा माणूस अडकतो. त्याला निघायचं असेल तर वरचे सगळे दोर काढा, आपला सोडवा, बाकीचे परत घाला. पहाटे, अंधारात, गारठलेल्या बोटांनी.

दुसरी गोष्ट जागेची. ज्याला पहाटे पहिलं निघायचं त्याने आदल्या संध्याकाळी सगळ्यांत बाहेरच्या बाजूला बांधायचं आणि ते शेजाऱ्यांना सांगायचं. डिझेल भरायचं, सामान ठेवायचं, मशीन एकदा चालवून बघायचं, ते सगळं उजेड असतानाच. कारण जाळं टाकून रात्री उशिरा परतलेली माणसं तिथेच काठावर, घोंगडीत गुरगुटून झोपलेली असतात. त्यांच्याही हातात दोन-तीन तासच असतात, मग उठून जाळी काढायची. आबा तर मशीनला हातच लावत नाहीत. बांबू टेकवून नाव मागे लोटायची, वल्ह्याने बुडालेल्या बाभळीपर्यंत न्यायची, आणि तिथे गेल्यावर मशीनचा पंखा पाण्यात खाली सोडायचा. टॉर्च लावलाच तर पायाशी. पहाटे पाण्यालगतची हवा थंड आणि वरची जरा ऊबदार असते, त्यामुळे आवाज वर निघून न जाता पाण्याला धरून लांबवर जातो. त्या काठावर कोणी खोकलं तरी या काठावर ऐकू येतं. मशीनचं तर विचारूच नका.

त्या दिवशी आमची नाव अशीच बाहेरच्या अंगाला होती. आत चार नावा. आमच्यानंतर, अंधार पडल्यावर, एक फायबरची मोटरबोट येऊन आमच्याही बाहेरून लागली. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना फिरवणाऱ्यांची बोट. ती चालवणारा पोरगा विशीतला, बोलायला गोड. 'काका, सकाळी लवकर निघतो बरं का,' एवढं म्हणाला आणि मोटरसायकलवरून गावात झोपायला गेला. आबांनी त्याचा दोर बघितला आणि जीभ टाळ्याला लावून चक् केलं. फास वरून टाकलेला होता. आबांनी तो काढून नीट घातला नाही, कारण दुसऱ्याच्या दोराला न विचारता हात लावायचा नाही, हीही त्यांचीच रीत. मला ती रीत त्या दिवशी पटली नव्हती आणि आजही पुरती पटलेली नाही.

पाच वाजता आम्ही काठावर आलो तर मोटरबोट निघायच्या बेतात. बोटीत चार गिऱ्हाइकं, मांडीवर हातभर लांबीच्या लेन्सा. डोक्याला बांधलेल्या टॉर्चचा झोत झोपलेल्या माणसांच्या तोंडावरून फिरत होता. एकाने घोंगडी डोक्यावर ओढून घेतली. पोराने खुंट्याशी काहीतरी ओढाताण केली, बोटीत उडी मारली आणि काठालाच मशीन चालू केलं. निळा धूर सगळ्या नावांवर पसरला. पोराने नाव वळवली आणि वेग वाढवला, पण धड वाढवलाही नाही. या बोटींचं तसंच असतं. सावकाश गेली तर लाट लहान, आणि पुरती वेगात जाऊन पाण्यावर तरंगायला लागली तरीही लाट तुलनेने कमी. मधल्या वेगाला, नाक वर आणि ढुंगण पाण्यात, अशी चालली की मात्र सगळ्यांत मोठी लाट उठते. हा गडी नेमका त्याच चालीने काठाकाठाने गेला.

लाट आली. उथळ काठावर ती आणखी उंच झाली. पाची नावा एकमेकींवर आदळल्या, आणि पुढच्या हेलकाव्याला दोन नावा रांगेतून निघून हळूहळू पाण्याकडे सरकायला लागल्या. आबा गाळातून धावत खुंट्यापाशी गेले. मी टॉर्चचा उजेड पाडला. खुंट्यावर तीनच फास होते. उरलेले दोन चिखलात पडलेले. अंधारात पोराने आपला सोडवताना सगळेच उचलले होते आणि परत घालताना दोन खाली राहिले. दोराची शेपटं चिखलावर रेघ ओढत पाण्यात चालली होती.

'सोड तुही वही,' आबा म्हणाले, 'बांबू घे.'

त्यानंतरचा तासभर पक्षी कोण बघतो! एक नाव पाणकणसात जाऊन अडकली, ती लवकर मिळाली. दुसरी, मासेमारी करणाऱ्या बापूंची. पूर्वेकडून वाऱ्याची झुळूक होती, ती नाव आरामात पुढे पुढे, आणि थेट त्यांच्याच टाकलेल्या जाळ्यावर. थर्माकोलचे तरंग तिच्या बुडाखाली गेले आणि नाव जाळ्याची कड घेऊन पुढे ओढली गेली. तोवर बापू आमच्या नावेत येऊन बसले होते, अनवाणी, अंगावर फक्त बंडी आणि टॉवेल. कोणी बोलत नव्हतं. आम्ही जवळ गेलो तेव्हा जाळं नावेच्या खिळ्यात गुरफटलेलं होतं आणि त्यात दोन कटले नि काही चिलाप्या तडफडत होत्या. बापूंनी हात पाण्यात घालून एकेक गाठ सोडवायचा प्रयत्न केला, मग कमरेचा चाकू काढून जाळं कापलं. नायलॉनचं जाळं कापताना होणारा आवाज मला अजून आवडत नाही.

मासळी बर्फात घालून सकाळच्या बाजाराला जायची असते. लिलाव काही कोणासाठी थांबत नाही. त्या दिवशी बापूंचा माल उशिरा पोहोचला आणि पडत्या भावात गेला.

आणि माझं काय झालं? मोजणीसाठी माझ्याकडे असलेल्या वरच्या पट्ट्यात मोठ्या लालसरी बदकांचा थवा विसावलेला असतो, त्याच्या कडेला चांदव्यांची गर्दी. चांदवा सरळ उडत नाही. पाण्यावर पाय आपटत लांबवर पळतो आणि मग उठतो, त्यामुळे हजारभर चांदवे एकदम पळाले की दुरून पाऊस आल्यासारखं वाटतं. तो आवाज मी ऐकला तेव्हा माझ्या हातात बापूंच्या जाळ्याचं एक टोक होतं. थवा उठला, फिरला, अर्धा धरणाच्या भिंतीकडे गेला, अर्धा चांगदेवकडे. आता खालच्या पट्ट्यातले मोजणारे तेच पक्षी आपले म्हणून लिहिणार आणि वरच्या पट्ट्यात मी शून्य लिहिणार, किंवा मी अंदाजे आकडा टाकला तर तेच पक्षी दोनदा मोजले जाणार. मी वरच्या पट्ट्याचा रकाना कोरा ठेवला. पुढे दुसऱ्या एका सकाळी काठावरूनच, तिकाटण्यावर दुर्बीण लावून, तो पट्टा मोजला. गंमत म्हणजे फोटोवाल्यांनाही त्या दिवशी काही मिळालं नसणार. उडून गेलेल्या बदकांच्या शेपट्यांचे फोटो कोण छापतं?

नऊच्या सुमाराला पोरगा परत आला तेव्हा टपरीवर सगळे बसलेलेच होते. मला वाटलं होतं आता जुंपणार. बापू चहा पीत राहिले. बशीतला शेवटचा घोट झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, 'भो, तू दोर कोनाचा सोडला?'

'अंधारात सगळे सारखेच दिसले, बापू.'

'मंग तुहा कसा सापडला तुले?'

पोराकडे उत्तर नव्हतं. त्याच्या मालकाला फोन झाला. मालक आधी 'नावा नीट बांधेल नसतीन' वगैरे बोलला. मग आबांनी फोन हातात घेतला आणि काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण जाळ्याचे अर्धे पैसे द्यायचं ठरलं. अर्धेच का, हे मला कळलं नाही. बापूंना ते चालण्यासारखं होतं, मग मी कोण बोलणार?

चहाच्या दुसऱ्या फेरीत आणखी ठरलं. मोटरबोटींना वेगळा खुंटा, रांगेच्या टोकाला. मशीन बाभळीच्या पुढे गेल्यावरच चालू करायचं. आणि पहाटे कोण कधी निघणार ते संध्याकाळी टपरीवर सांगून जायचं. आबांनी पोराला तिथेच चहाच्या टेबलावर दोन दोऱ्या आणि एक चमचा घेऊन फासातून फास काढायला शिकवलं. त्याला ते माझ्यापेक्षा लवकर जमलं, हे इथे नोंदवायला माझी हरकत नाही.

कागदावर काहीच नाही, सगळं तोंडी. पोरगा पाळतो. त्याच मालकाकडचा दुसरा चालक पाळत नाही, त्याला दोनदा परत बोलावून सांगावं लागलं. पण नावा आता सुटत नाहीत, झोपलेल्यांच्या तोंडावर झोत पडत नाही, बापूंचं नवं जाळं शाबूत आहे. भोई मंडळींच्या दृष्टीने प्रश्न मिटला.

माझा मिटलेला नाही. कारण बाभूळ ओलांडली की मोटरबोट तशीच नाक वर करून जाते, आणि लालसरी तिथून फार लांब नसतात. मी एका संध्याकाळी टपरीवर हा विषय काढला. थव्याच्या अलीकडेच मशीन बंद करून वल्ह्याने जावं, असं सुचवलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. माना हलल्या. मग बापूंनी तंबाखू मळता मळता विचारलं, 'म्हंजे काय, आता तुमच्या बदकायले बी एक खुंटा ठोकू का?'

टपरीभर हसू झालं. आबाही हसले. पण दुसऱ्या दिवशी पहाटे बाभूळ मागे पडली तरी त्यांनी पंखा खाली सोडला नाही, थेट थव्यापर्यंत वल्हवत नेलं, आणि परतताना दंड दुखतात म्हणून माझ्या हातात वल्हं दिलं.