काळपट गुळाची ढेप

आज कोल्हापूरजवळच्या एका गुऱ्हाळावर बराच वेळ रेंगाळले. काहिलीत रस उकळत होता. गुळव्यानं ठेचलेल्या भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी ओतलं की मळी वर यायची, ती झाऱ्यानं बाजूला. बस्स, एवढंच शुद्धीकरण! मग बाजारातला गूळ पिवळाधमक कसा? अनेक ठिकाणी त्यात हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट घालतात. रंग उजळतो, भाव चढतो.

"काळा गूळ सौद्यात कोण उचलतंय, ताई?" मालक म्हणाले. खरंय, गोरा गूळ मागणारं गिऱ्हाईक आपणच की!

उसाला खत कुठलं, तेही विचारलं. "शेणखत, आणि पाचट जाळत नाही, कुजवतो."

महाग पडला, पण छोटी ढेप घेतली, वर काकवीची बाटली. घरी सासूबाईंनी खडा तोंडात टाकला आणि लगेच पुरणाची डाळ भिजत घातली.