एकाला गोल

तुरुंगातल्या नोकरीची झळ घराला किती लागते हे मोजायला मी निघाले होते, आणि पहिल्याच जेल गार्डनं फॉर्म हातात घेऊन विचारलं, "मॅडम, आमच्या घरात भांडणं होत नाहीत. मग हे कशाला?"

चूक आमची होती. प्रश्नावलीच्या डोक्यावर ठळक अक्षरांत 'काम-कुटुंब संघर्ष' असं छापलेलं. कॉन्फ्लिक्टला पुस्तकात संघर्ष म्हणतात, म्हणून आम्हीही म्हटलं. अनुवाद झाल्यावर दुसऱ्या बाईंकडून तो परत इंग्रजीत करून घेतला आणि मुळाशी ताडून पाहिला. सगळं जुळलं. जुळणारच, त्या बाईही आमच्यासारख्याच एमए झालेल्या. गावात मात्र संघर्ष म्हणजे मोर्चा, नाहीतर नवरा-बायकोचं वाजलेलं.

श्रावणाचे शेवटचे दिवस होते, गोव्यातली चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आठवड्यावर आलेली. म्हापशाहून स्कूटर काढली ती अस्नोडा मागे पडेपर्यंत रेनकोट दोनदा घातला, दोनदा काढला. डिचोली तालुक्यातलं गाव, एवढंच सांगते. पुढे सांगितलं तर माणूस लगेच ओळखता येईल. नाव-गाव गाळून लिहायला नवरा-बायको दोघांची हरकत नाही, हे विचारून घेतलंय. पूर्वचाचणीचे पंधरा फॉर्म आम्ही घरी जाऊनच भरून घ्यायचं ठरवलं होतं. कामाच्या जागी, साहेब पलीकडच्या खोलीत बसलेला असताना, 'कामामुळे घराकडे दुर्लक्ष होतं' यावर कोण सातला गोल करील?

पट्टी सात आकड्यांची. एक म्हणजे अजिबात पटत नाही, सात म्हणजे पूर्ण पटतं. नेटमायर, बोल्स आणि मॅकमरियन यांनी १९९६ साली ही मोजणी बसवली: काम घराच्या आड येतं का याची पाच विधानं, घर कामाच्या आड येतं का याची पाच. त्याच्याही आधी, १९८५ मध्ये, ग्रीनहॉस आणि ब्यूटेल यांनी या ओढाताणीचे तीन प्रकार सांगितले होते. एक वेळेचा, दुसरा ताणाचा आणि तिसरा वागण्याचा. म्हणजे नोकरीत जी वागणूक लागते तीच घरी नडते. तिसरा प्रकार पहिल्या पट्टीत नीट सापडत नाही, म्हणून २००० सालच्या कार्लसन, कॅकमार आणि विल्यम्स यांच्या अठरा विधानांतली काही आम्ही उचलली. अमेरिकेत एरिक लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुरुंग कर्मचाऱ्यांवर हे काम बरंच केलंय. आमच्याकडे ते कोकणी-मराठी बोलणाऱ्या माणसाला कसं विचारायचं, इथूनच सुरुवात होती.

गार्डसाहेब मराठी प्राथमिक शाळेत शिकलेले, त्यामुळे वाचायला अडचण नव्हती. सोप्यावर बसून, चश्मा नाकावर उतरवून ते एकेक विधान मोठ्यानं वाचत. बोलणं कोकणीत, वाचणं मराठीत. प्रश्नावली एकांतात भरून घ्यायची असा नियम आहे, पण सोप्यावरचा एकांत किती? आत चुलीवर तेल तापत होतं, वहिनी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळत होत्या. नणंदेच्या लेकीची लग्नानंतरची पहिली चवथ, तिला ओझं, म्हणजे चवथीची फराळाची भेट, पाठवायचं होतं. मी दार लोटून घ्यायला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

"'कामामुळे कौटुंबिक उपक्रमांच्या नियोजनात बदल करावे लागतात.' उपक्रम म्हणजे?"

"घरातले बेत हो. कुठे जायचं ठरलं, ड्यूटीमुळे बदलावं लागलं, असं."

"तसं नाही होत." एकाला गोल.

आतून झाऱ्याचा आवाज थांबला. वहिनी दारात आल्या. "बेत केलेच नाहीत तर बदलणार काय?"

ते हसले. "हिचं लिहू नकोस हां, बाय." मॅडमची बाय कधी झाले ते कळलंच नाही.

"लिही, लिही," वहिनी म्हणाल्या. "कोण लग्नाचं आमंत्रण घेऊन आलं की मी 'आम्ही येतो' म्हणत नाही. 'मी येते' म्हणते. हे आले तर आले."

मी पेन हातात धरून बसून राहिले. ज्याला रविवार मोकळा मिळतो तो एकाला गोल करतो, आणि ज्यानं बेत करणंच सोडून दिलंय तोही एकालाच. संगणकाला दोघे सारखेच सुखी. क्रॉनबॅकचा अल्फा काढला तरी हे दिसणार नाही. उत्तरांचा आपसात मेळ आहे एवढंच तो सांगतो, आणि या माणसाची सगळी उत्तरं एकमेकांना धरूनच होती, एक, एक, दोन, एक. ०.७० च्या वर आकडा आला की आम्ही सुटकेचा श्वास टाकतो. पुढे त्या विधानाची भाषा बदलली, आणि त्याला जोडून साधी मोजदाद घातली, की गेल्या वर्षभरात घरातल्या किती कार्यांना तुम्ही हजर नव्हता. अभ्यास चालवणाऱ्या आमच्या मॅडमना ते फारसं आवडलं नाही. मोजदाद म्हणजे पट्टी नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मला अजूनही ती मोजदादच जास्त खरी वाटते.

चवथीच्या रजेचा विषय निघाला. सगळ्यांनाच त्या दिवशी रजा हवी असते आणि कैदी काही त्या दिवशी रजेवर जात नाहीत. मग ख्रिस्ती सहकारी चवथ सांभाळतात, हे नाताळ सांभाळतात. "पण ते किती जण आणि आम्ही किती," असं म्हणून त्यांनी तळहात उलटा केला. गेल्या चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, अकरा वर्षांच्या मुलानं बांधली. कांगणाची फळं एकीकडे जास्त झाली नि माटोळी तिरकी राहिली, हे वहिनींनी सांगितलं. गार्डसाहेबांनी ती पाहिलीच नव्हती.

वागण्याच्या प्रकारातलं विधान आलं. कामावर जसं वागावं लागतं, तसं घरी वागून चालत नाही.

"मी घरी तसा वागतच नाही. तुरुंगातलं तुरुंगात." पुन्हा एक.

तोवर तिन्हीसांज झाली. वहिनींनी तुळशीपुढे दिवा लावला. गार्डसाहेब बोलता बोलताच उठले, मला वाटलं बत्ती लावायला. त्यांनी खुंटीवरचा किल्ल्यांचा जुडगा घेतला आणि सोप्यावरच्या खिडकीपासून सुरुवात केली. जुडग्यातली मोठी किल्ली उलटी धरून पहिल्या गजावर टण्‌, दुसऱ्यावर टण्‌, तिसऱ्यावर टण्‌. मग आतल्या खोलीची खिडकी, मग माजघराची. प्रत्येक ठोक्याला मान किंचित कलती. शेवटी मागच्या दाराचा अडसर सरकवून दोनदा हलवून पाहिला, परत येऊन बसले, आणि मघाचं वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे बोलू लागले.

मुलानं अभ्यासातून मान वर न करता म्हटलं, "बंदी झाली."

मी विचारलं तेव्हा ते आधी गोंधळले. मग समजावू लागले, अगदी शिकवल्यासारखं. संध्याकाळी कैदी आत घेतले की गज ठोकून पाहायचे. सलग गज खणखणतो, कुठे कापलेला असेल तर आवाज बसका येतो. त्यांची सुरुवात आग्वादला झाली होती, १६१२ सालच्या पोर्तुगीज किल्ल्यातल्या त्या तुरुंगात. २०१५ मध्ये तो बंद झाला, आता तिथे पर्यटक फिरतात. "खाऱ्या वाऱ्यानं गज गंजायचे. गंजलेला कुठला नि कापलेला कुठला हे कानाला कळायला मला वर्ष लागलं."

"आणि घरी?"

"घरी काय?" मग हातातल्या जुडग्याकडे पाहून, "सवय," म्हणाले आणि तो परत खुंटीला लावला. उत्तर काही बदललं नाही. मीही बदलायला सांगितलं नाही, तो माझा अधिकार नव्हता. समासात पेन्सिलीनं 'गज' एवढंच लिहिलं.

त्यांची रात्रपाळी होती. ते निघाले आणि पाऊस कोसळू लागला, मी अडकले. वहिनींनी चुलीजवळ पाट दिला. वेळ जावा म्हणून तीच विधानं मी साध्या बोलीत त्यांना विचारली, कोऱ्या कागदावर. घरच्या काळजीमुळे यांचं कामावर लक्ष लागत नाही, असं होतं का? नवऱ्यानं इथेही एकच दिला होता.

"लागणार नाही कसं? त्यांना काही कळूच देत नाही मी," त्या म्हणाल्या. मोबाइल फाटकावर जमा होतो. फोन करायचा तर तिथल्या लँडलाइनवर, तिथून निरोप आत जायचा. दोन वर्षांपूर्वी मुलगा सायकलवरून पडला, कपाळाला पाच टाके. त्यांनी शेजाऱ्याला उठवलं, इस्पितळात नेलं, परत आणलं. सकाळी नवरा आला तो थेट पट्टी बांधलेलं पोर पाहायला. "रागावले, मला का कळवलं नाही म्हणून. कळवून काय, तिथून मधेच निघता येत नाही. नुसता जीव टांगणीला. हातात चाव्या असतात त्यांच्या."

मी लिहीत होते. नेवरी एका अंगानं लाल झाली होती, त्यांनी ती झाऱ्यानं अलगद पालथी केली.

"हे त्यांना दाखवणार काय?"

"नाही हो. कुणालाच नाही, गुप्त राहतं."

त्या जरा वेळ तेलाकडे बघत राहिल्या.

"दाखवलंस तरी चालेल हां, बाय."